तापाची खिचडी

बडोद्याहून येताना लोक भाकरवडी आणतात, तिथला ओलसर लीलो चिवडो आणतात, झालंच तर एखादी बांधणीची साडी. मी सुजलेला दंड घेऊन आले. सांगली स्टेशनवर ह्यांनी मला उतरवून घ्यायला दंडाला धरलं आणि मी अशी किंचाळले, की हमालसुद्धा थबकला. "लस टोचून घेतली," मी म्हटलं. ह्यांचा विश्वास बसेना. बसावा तरी कसा? शाळेत लस टोचणारी माणसं आली, की सगळ्या शिक्षकांत मलाच पहिल्यांदा घरचं काम आठवतं. तर ही बाई आपण होऊन दंड पुढे करून आली कशी, हे सांगायचं म्हणजे सगळा प्रवासच सांगायला हवा.

बडोद्याला आमच्या वन्सं राहतात. सुमनताई, ह्यांच्या थोरल्या बहीण. माझ्या लग्नात कुणीतरी माझ्या कानाशी लागून म्हणालं होतं, की तुझी नणंद जंतू पाळते. मला वाटलं चेष्टा आहे. ती चेष्टा नव्हती. वन्सं तिथल्या एका प्रयोगशाळेत जंतुशास्त्रज्ञ. विषमज्वराची लस करण्यात त्यांचं आयुष्य गेलं. लग्न केलं नाही; विचारायला गेलं तर "वेळ कुठाय?" म्हणायच्या, आणि पुढे पुढे विचारणारेच थकले. यंदा मेअखेर त्या निवृत्त व्हायच्या होत्या. ह्यांना रजा मिळेना, मला उन्हाळ्याची सुट्टी. म्हणून निरोपाच्या समारंभाला माहेरची, अर्थात त्यांच्या माहेरची, प्रतिनिधी म्हणून मी एकटी निघाले.

गोत्री

गोत्री म्हणजे बडोद्याचं पश्चिमेचं टोक. जिकडेतिकडे सोसायट्या उठताहेत, आणि दोन सोसायट्यांच्या मधे अजून बाजरीची शेतं आणि म्हशी. वन्संचं घर लहानसं, पण ओसरीवर माणूस आडवा होईल एवढा मोठा झोपाळा. त्याला तिथे हिंचका म्हणतात. मराठी घरांतसुद्धा हिंचकाच. सकाळचा चहा हिंचक्यावर, संध्याकाळची भाजी निवडणं हिंचक्यावर, भांडण आणि समेटही तिथेच. आमच्याकडे पाहुणा आला की आधी चटई शोधावी लागते. इथे पाहुण्याला नुसतं सरकून जागा देतात.

"बेस ने, मालती. उभी काय राहिलीस?" वन्संचं मराठी असं मधूनच गुजरातीला हात लावून येतं. "शाक काय करू? भींडा चालेल ना?"

उन्हाची धग अशी, की रस्त्यावर कुत्रंही नव्हतं. जेवायला आमरस, पुऱ्या, भेंडीची भाजी आणि गोड वरण. वरणात गूळ घालणाऱ्या लोकांबद्दल माझी मतं फार कडक आहेत, पण दुसऱ्यांदा मीच मागून घेतलं, हे इथे नमूद करते.

खरी मजा लोणच्याची. वन्संनी बरणी डाव्या हातात तिरकी धरली, उजव्या हाताची करंगळी आत वळवून त्या करंगळीच्या बेचक्यात झाकण पकडून फिरवून काढलं, आणि ते तसंच करंगळीत धरून ठेवलं. मग चमचा गॅसच्या ज्योतीतून फिरवला, थोडा निवू दिला, फोड काढली, बरणीचं तोंड ज्योतीजवळून नेलं आणि झाकण लावलं. मी आ वासून बघत होते.

"वन्सं, हे लोणचं आहे का देवीचा अंगारा?"

"झाकण टेबलावर ठेवलं की टेबलावरचं सगळं आत गेलंच समज," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे नळीचं बूच असंच करंगळीत धरतात. एवढ्या वर्षांत दुसरं जमतच नाही. हे लोणचं तिसऱ्या वर्षाचं आहे, बुरशीचा एक ठिपका दाखव."

ठिपका नव्हता. मला मात्र आमच्या घरच्या लोणच्यावर दर श्रावणात चढणारी पांढरी साय आठवली, आणि मी आणखी एक फोड मागून घेतली.

एक गोष्ट तेवढी माझ्या लक्षात आली. चहा देताना त्यांच्या हातातली बशी किणकिणत होती. वय झालं, मी मनात म्हटलं, आणि विसरून गेले.

काचेपलीकडे

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने त्यांच्याबरोबर प्रयोगशाळेत गेले. मला वाटलं होतं, लस करतात म्हणजे काहीतरी अगडबंब यंत्रं असतील. यंत्रं थोडी होती. बाकी सगळा स्वयंपाकघराचा कारभार: जंतूंसाठी मांसाचा रस्सा शिजवायचा, गाळायचा, वाफेत उकडायचा, ऊबदार खोलीत ठेवायचा. मूळ जंतूंचं वाण तर त्यांनी वर्षानुवर्षं एका नळीतून दुसऱ्या नळीत घालून जिवंत ठेवलेलं, घरी विरजण ठेवतो तसं. हे जंतू वाढवायचे, मारायचे, आणि मेलेल्या जंतूंची लस टोचून माणसाला जिवंत जंतूंशी लढायला शिकवायचं. एका खोलीत पांढरे उंदीर होते, पिंजऱ्यापिंजऱ्यांत. वन्सं त्यांच्याशीही गुजरातीतच बोलतात.

तिथे मला रमीलाबेन भेटल्या. वन्संच्या हाताखाली शिकून तयार झालेल्या, आता त्यांच्या जागी येणार. उंच, हसऱ्या, आणि मराठी अगदी धीटपणे बोलणाऱ्या. "सुमनबेननी माला मराठी पण शिकवला आणि जंतू पण. जंतू लवकर आला," त्या म्हणाल्या.

त्या दिवशी महत्त्वाचं काम होतं. वन्संची शेवटची बॅच तयार झाली होती, आणि लसीत एकही जिवंत जंतू उरलेला नाही ना याची चाचणी लावायची होती. लसीचे थेंब रश्श्याच्या नळ्यांत घालायचे, नळ्या उबेत ठेवायच्या, आणि वाट बघायची. रस्सा नितळ राहिला तर बॅच पास. एक नळी जरी गढूळली तरी नापास. हे काम आता रमीलाबेन करतात, पण वन्सं म्हणाल्या, "ही एक मी करणार." कोण नको म्हणेल? मी काचेपलीकडून पाहिलं. तोंडाला फडकं, पुढे ज्योत, करंगळीत कापसाचं बूच. पाठ ताठ. त्या वेळी त्या मला नणंद वाटल्याच नाहीत. पूजेला बसलेल्या माणसाला आपण हाक मारत नाही, तशी मी मागे सरकून उभी राहिले.

बाहेर रमीलाबेननी मला त्यांच्याकडची रीत सांगितली. बॅच सगळ्या चाचण्यांत पास झाली, की गावोगाव जाण्याआधी तिची पहिली सुई लस करणारे स्वतः टोचून घेतात. नियम नाही, वन्संनी घातलेला पायंडा. आपण जे दुसऱ्याच्या मुलाला टोचणार, ते आधी आपल्या दंडात. या लसीने एक दिवस सणकून ताप येतो. म्हणून त्या संध्याकाळी सगळे जण कुणा एकाच्या घरी जमतात, खिचडी-कढी खातात आणि कण्हत कण्हत गप्पा मारतात.

"ताप नी खिचडी," रमीलाबेन म्हणाल्या. "तुम्ही पण यायचा हां."

"खिचडीला येईन," मी म्हटलं. आमच्याकडे खिचडी आजाऱ्याला देतात. इथे धडधाकट माणसं रोज रात्री खातात, ते एक कोडं होतंच. तापासाठी मात्र मी मुळीच तयार नव्हते.

नागरवाडा आणि अलकापुरी

वाट बघण्याचे दिवस मी शहर फिरण्यात घालवले. नागरवाड्यात वन्संच्या जुन्या घरमालकीणबाई भेटल्या. दरबारी नोकरी केलेल्या घराण्यातल्या. मराठी असं स्वच्छ, की मी मराठीची शिक्षिका असून सावरून बसले. त्यांचा नातू मात्र आत डोकावून "आजी, हुं जाऊं छुं" म्हणून पसार झाला. त्यांनी शेव-उसळ खाऊ घातली. तिखटाच्या बाबतीत आम्ही सांगलीकर स्वतःला फार समजतो. मी तीन ग्लास पाणी प्याले.

"तुझी नणंद माझ्याकडे राहायची तेव्हा आम्ही तिला हसायचो," त्या बाई म्हणाल्या. "उन्हाळ्यात वीज गेली की ही पोरगी बर्फाची लादी टांग्यात घालून प्रयोगशाळेत पळायची. लग्नाचे कपडे भिजावेत तशी काळजी! मग एकदा माझ्याच घरात विषमज्वर शिरला. शेजारची दोन घरं झोपली. आमच्याकडच्या पोरांना तिने आधीच जबरदस्तीने टोचलं होतं. तेव्हापासून हसत नाही."

अलकापुरीत रमीलाबेनबरोबर साडी घ्यायला गेले. साडी राहिली बाजूला. दुकानाबाहेर उसाचा रस पिताना त्या मला सांगत बसल्या. प्रयोगशाळेत वन्सं रुजू झाल्या तेव्हा एकटी बाई. त्यांना बाटल्या धुण्याच्या देखरेखीवर ठेवलं होतं. त्यांनी बाटल्या इतक्या स्वच्छ धुऊन घेतल्या, की बॅचेस खराब व्हायच्या थांबल्या, आणि मग वरच्यांना कळलं की ही बाई बाटल्यांवर ठेवण्यातली नाही.

"नर्मदेच्या काठावरची गावं आहेत ना," रमीलाबेन म्हणाल्या, "तिथे पावसाळा आला की विहिरीत नदीचा पाणी शिरतो. मग ताप. ही बॅच तिथेच जायची आहे, पाऊस आधी. दुसरी बॅच होईपर्यंत पाऊस येऊन जाईल."

मला एक गोष्ट ठाऊक होती, ती मी त्यांना सांगितली. ह्यांचा एक मधला भाऊ होता, वन्संच्या पाठचा. विषमज्वराने लहानपणीच गेला. सासूबाई त्याचं नाव घेत नाहीत. वन्संनीही कधी घेतलं नाही, पण त्या वर्षानुवर्षं त्याला नेलेल्या तापाशीच भांडताहेत असं मला त्या रस्त्यावर उभं राहून वाटलं, आणि डोळे भरून आले. रसवाला बिचारा घाबरून विचारता झाला, "बेन, बरफ ओछो पड्यो?" बर्फ कमी पडला म्हणून मी रडते, असं त्याला वाटलं.

नळी

आणि एक नळी गढूळली.

मी त्या सकाळी तिथेच होते. बाकीच्या नळ्या नितळ, आणि एका नळीत तांदळाचं धुवण मिसळावं तसा रस्सा. वन्संनी ती उजेडाकडे धरली. थेंब काचेवर घेतला, रंगवला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. मग मला म्हणाल्या, "ये, बघ." मला जांभळ्या ठिपक्यांचे घोस दिसले, आमच्या तासगावच्या द्राक्षांसारखे.

"हे विषमज्वराचे नव्हेत," त्या म्हणाल्या. "हे बाहेरून आलेत." आणि वळून शांतपणे म्हणाल्या, "रमीला, बॅच रोखा. नापास."

त्यानंतर जे झालं ते ऐकण्यासारखं होतं. दुपारपर्यंत बातमी सगळीकडे. बाटल्या उतरवणारे, कारकून, सगळे हळहळले, पण हळहळीपेक्षा कौतुक जास्त. मोठे साहेब खोलीत आले आणि म्हणाले, "सुमनबेन, शेवटच्या बॅचलासुद्धा सवलत नाही! निरोपाच्या दिवशी मी हेच सांगणार आहे सगळ्यांना." माझीही छाती फुगली. ह्यांना पत्रात काय लिहायचं ते मी मनात जुळवलं.

संध्याकाळी जेवताना वन्संनी लोणच्याची बरणी घेतली, करंगळीत झाकण पकडलं, आणि झाकण निसटून फरशीवर पडलं. घरंगळत माझ्या पायापाशी आलं. मी उचलून दिलं. "तेलकट झालंय," मी म्हटलं.

त्या झाकणाकडे बघत राहिल्या. मग आपल्या हाताकडे. हात कापत होता, आणि या खेपेला तो त्यांनी लपवला नाही.

जेवण तसंच टाकून त्या हिंचक्यावर जाऊन बसल्या. मी शेजारी बसले. त्या म्हणाल्या, "मालती, ते घोस माणसाच्या कातडीवर राहतात. बॅच मशीनवर भरली गेली, भरणारा माणूस त्या दिवशी दुसऱ्यांदा हात धुऊन आला होता. चाचणी मी लावली. बूच धरताना माझा अंगठा आत लागला असेल."

"असेल म्हणजे?"

"कळलं नाही मला. हेच तर. पूर्वी कळायचं."

मला आधी नीट उमगलं नाही. मग त्यांनीच समजावलं. त्यांच्या नियमात फेरचाचणी आहे. पण पहिली चाचणी चुकली असं मानायला कारण द्यावं लागतं, आणि कारण देणारीने सही करावी लागते. त्यांनी काही बोललं नाही, तर बॅच नष्ट होईल, साहेब भाषण करतील, सगळे टाळ्या वाजवतील. बोलल्या, तर जाता जाता सगळ्यांसमोर म्हणावं लागेल, की ज्या हातावर तुम्ही सगळे शिकलात, तो आता भरवशाचा नाही.

"आणि चूक तुमच्या हाताची नसलीच तर?" मी म्हटलं. मला त्यांचा अपमान व्हायला नको होता, खरं सांगते.

"तर फेरचाचणीत कळेल ने. मग टाकून देऊ. पण चांगली लस मी माझ्या नावासाठी टाकायची? नदीकाठच्या पोरांनी काय करायचं, माझं भाषण टोचून घ्यायचं?"

मी त्यांचा कापणारा हात माझ्या हातात घेतला. असं मी यापूर्वी कधी केलं नव्हतं. नणंद-भावजयीत ते जमतच नाही, कुठेतरी अंतर असतं. त्यांनीही काढून घेतला नाही.

अंगठा

सकाळी त्या प्रयोगशाळेत गेल्या त्या थेट रमीलाबेनकडे. बॅच आणखी एक दिवस तशीच ठेवा म्हणाल्या. मग एक थाळी मागवली, काचेची, चपटी, तळाशी जंतू वाढवायची खळ गोठवलेली. तिच्यावर त्यांनी आपला उजवा अंगठा दाबला, नंतर तर्जनी, नंतर करंगळी. झाकण घातलं. "उबेत ठेव."

दुसऱ्या दिवशी थाळीवर अंगठ्याच्या जागी सोनेरी ठिपके उगवले होते, दाट, गोल. त्या गढूळ नळीतून वाढवलेले ठिपके दुसऱ्या थाळीवर होते. दोन्ही शेजारी ठेवल्या. माझ्यासारख्या अडाणी बाईलाही वेगळं काही दिसलं नाही.

"एवढ्याने शंभर टक्के सिद्ध होत नाही," वन्सं म्हणाल्या, "पण फेरचाचणीला पुरेसं आहे."

साहेब आले, आणखी सगळे आले. वन्संनी दोन्ही थाळ्या टेबलावर पुढे सरकवल्या आणि गुजरातीत सरळ सांगून टाकलं, की चूक बॅचची नाही, बहुतेक माझ्या हाताची आहे. गेले काही महिने हात कापतो. चाचणी रमीलाने लावायला हवी होती, मी हौस केली. कारण म्हणून हेच लिहा, सही मी करते.

रमीलाबेन रडायच्याच बाकी होत्या. "बेन, आवुं न बोलो. तुमचा हात तर..."

"माझा हात तुझ्याकडे आहे," वन्सं म्हणाल्या. "जा, तोंडाला फडकं बांध. करंगळी सांभाळ."

साहेब चष्मा पुसत उभे होते. भाषण वाया गेलं म्हणून की कशामुळे, ते मला ठाऊक नाही.

पुन्हा नळ्या उबेत गेल्या. माझं परतीचं तिकीट मी बदललं. त्या दिवसांत वन्सं रोज कामावर जात होत्या, पण काचेच्या खोलीत पाऊल टाकत नव्हत्या; उंदरांच्या खोलीत बसून राहायच्या. घरी मी लोणचं वाढायचे. झाकण करंगळीत धरायला शिकले, पहिले दोन दिवस ते माझ्याही हातून पडलं, आणि त्या माझ्यावर ओरडल्या. ओरडल्या म्हणून मला फार बरं वाटलं.

शेवटच्या सकाळी रमीलाबेन नळ्यांचा स्टँड घेऊन धावतच आल्या. एकेक नळी वन्संनी उजेडाला धरली. सगळ्या नितळ, आमच्या कृष्णेचं पाणी पौषात असतं तशा. त्या मटकन खुर्चीत बसल्या आणि लहान मुलीसारख्या हसल्या.

दुपारी रीतीप्रमाणे सगळे रांगेत उभे राहिले. दर वेळी सुई वन्सं टोचायच्या. या खेपेला त्यांनी बाही वर केली, स्टुलावर बसल्या आणि सुई रमीलाबेनकडे दिली. रमीलाबेननी आधी वाकून त्यांच्या पायाला हात लावला, मग हात परत धुतले, आणि टोचलं. नंतर साहेब, नंतर बाटल्यावाले, कारकून. रांग संपली, आणि माझ्या लक्षात आलं, की मी रांगेच्या शेवटी उभी आहे. कशी आले, सांगता येणार नाही. पदर बाजूला केला, डोळे घट्ट मिटले. रमीलाबेन हसत होत्या, ते ऐकू आलं.

संध्याकाळी हिंचक्यावर, चटयांवर, जिन्याच्या पायऱ्यांवर तापलेली माणसं पसरली होती. मऊ खिचडी, वर तूप, गोडसर कढी. साहेब घोंगडी पांघरून मे महिन्याच्या उकाड्यात कुडकुडत होते. माझे दात वाजत होते आणि मी तिसऱ्यांदा कढी घेत होते. निरोपाचं भाषण तिथेच झालं, साहेब फक्त एवढंच बोलले, "सुमनबेनना सगळ्यात कडक मी मानायचो. ते कमीच पडलं." मग त्यांना हुडहुडी भरली.

दुसऱ्या सकाळी वन्सं मला गाडीवर पोहोचवायला आल्या. त्यांचाही ताप उतरला नव्हता. बर्फाच्या पेट्या घेऊन लसीची गाडी पहाटेच नर्मदेकडे निघून गेली होती. डब्याच्या खिडकीतून त्यांनी आत हात घातला आणि माझ्या कपाळावर ठेवला. हात कापत होता. तसाच त्यांनी बराच वेळ ठेवला, डोळे बारीक करून, नळी बघावी तशा.

"बराबर आलाय ताप," त्या म्हणाल्या. "लस चांगली झाली."